व्हॉल्व्ह पास होतोय

कापडणीसांच्या हातात हात देणं हा धोक्याचा प्रकार होता. एकदा हात हाती लागला की ते सोडत नसत. बोलता बोलता त्यांचं बोट हळूच आपल्या मनगटावर सरकायचं, डोळे छताकडे लागायचे, आणि आपण "कसं काय, बरं आहे ना?" विचारत असताना उत्तर यायचं, "माझं बरं आहे, तुमचं जरा फास्ट चाललंय." बायकांचं मनगट ते धरत नसत. "वहिनी, तुमची नाडी तुम्हीच धरा आणि ठोके मला तोंडानं सांगा," म्हणायचे. कतारमध्ये, अल सद्द भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये उभी राहून मी "ठक, ठक, ठक" असं म्हटलेलं आहे. शेजारी दोन अनोळखी मुली होत्या. त्या मधल्याच मजल्यावर उतरून गेल्या.

कापडणीस डॉक्टर नव्हते. गॅसच्या प्लांटवर पंप आणि व्हॉल्व्ह सांभाळणारे इंजिनिअर होते, माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या कंपनीतले. मूळचे नाशिककडचे. शाळा मराठी माध्यमातली, त्यामुळे पंप ते इंग्रजीत शिकले होते आणि हृदय मराठीत. वरचे दोन कप्पे कर्णिका, खालचे दोन जवनिका, मध्ये झडपा, हे सगळं त्यांना शाळेतल्यासारखं घडाघडा यायचं. पुढे पंपांची खोली भेटली आणि शाळेतलं हृदय त्यांना पुन्हा आठवलं. तेव्हापासून त्यांना दुसरं काही दिसलंच नाही. आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात सूत्रधार पडद्याकडे हात करून गंभीर आवाजात "आणि आता जवनिका उघडते" म्हणाला, तेव्हा मागच्या रांगेतून कापडणीस ओरडले, "जवनिका उघडत नाही, आकुंचन पावते!" बिचारा सूत्रधार पुढचं वाक्यच विसरला.

त्यांचा सगळ्यात लाडका मुद्दा आवाजाचा.

"वहिनी, हृदय धडधडतं म्हणता ना तुम्ही? काही धडधडत नाही. स्नायू मुकाट्यानं काम करतो. आवाज झडपांचा. तोही उघडतानाचा नाही, मिटतानाचा. कर्णिका-जवनिकेमधल्या दोन झडपा मिटल्या की लब. जवनिकेतून बाहेर जाणाऱ्या वाटेवरच्या दोन मिटल्या की डब. दारं आपटल्याचा आवाज आहे हो तो!"

त्यामुळे आमच्या मजल्यावर कुणाकडे भांडण होऊन दार आपटलं की कापडणीस घरातून "लब!" म्हणून ओरडायचे आणि दुसऱ्या दाराची वाट बघत बसायचे. एकदा ते दार माझं होतं. मी दुसरं मुद्दाम आपटलं नाही. तासाभरानं त्यांनी बेल वाजवून विचारलं, "वहिनी, डब राहिलं का?"

दुपारच्या झोपेला ते प्रसरण म्हणत. शांत बसलेल्या माणसाचं हृदय जेवढा वेळ ढकलतं त्यापेक्षा जास्त वेळ सैल पडून भरून घेतं, हा त्यांचा आधार. प्लांटवर हेल्मेट घालून झोपलेले सापडले, तेव्हा साहेबालाही त्यांनी हेच सुनावलं. साहेबानं ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यापासून तोही झोपायला लागला, असं कापडणीस सांगायचे. यातलं निम्मं तरी खोटं असणार.

पण हाच नियम ते बायकोलाही लावायचे, हे मात्र मला मनापासून आवडायचं. सुमनवहिनी सगळ्यांना वाढून मग उभ्यानंच दोन घास खाणाऱ्यातल्या. कापडणीस पोळीचा डबा मांडीवर घेऊन बसायचे आणि त्या टेकल्याशिवाय कुणालाच पोळी द्यायचे नाहीत. "हृदय सगळ्या अंगाला वाढतं, पण स्वतःच्या वाटणीचं रक्त मुख्यतः सैल पडल्यावरच घेतं. तू बस आधी." मिलिंदला मी तिथल्या तिथे कोपरखळी मारली. काही उपयोग झाला नाही.

आग्रहाचंही शास्त्र होतं. कर्णिकेतलं बहुतेक रक्त आपोआपच जवनिकेत उतरतं, अगदी शेवटी कर्णिका थोडीशी दाबून उरलेलं आत ढकलते. म्हणून कापडणीसांच्या घरी सुरुवातीला कुणी विचारायचंही नाही. तुम्ही आपले घ्या, खा. तुम्ही हात धुवायला उठलात की मात्र ते मागून येऊन ताटात दोन पुरणपोळ्या टाकायचे आणि म्हणायचे, "कर्णिकेचा आग्रह." नवीन माणसाला वाटायचं, कर्णिका म्हणजे त्यांची मुलगी.

हे सगळं घरापुरतं होतं तोवर ठीक होतं. एका वर्षी शहराच्या कडेला, मुऐदरला, ओळखीच्या एका कुटुंबाच्या व्हिलात गणपती बसला आणि महाप्रसादाची गर्दी आवरायचं काम कापडणीसांकडे आलं. व्हिला त्यांनी एकदा फिरून पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. चार खोल्या होत्या. मागे अंगण होतं.

पुढची सगळी आखणी त्यांनी हृदयाबरहुकूम केली. पुढच्या दारानं उपाशी माणसं पहिल्या खोलीत, म्हणजे उजव्या कर्णिकेत. तिथून उजवी जवनिका. तिथून अंगणात, म्हणजे फुप्फुसात, जिथे पंगत. जेवून, कपाळाला कुंकू लावून ती डाव्या कर्णिकेत, मग डाव्या जवनिकेत, देवाला हात जोडून बाजूच्या फाटकानं बाहेर. चार दारांवर चार माणसं. कापडणीस जिन्यावर उभे राहून "लब!" ओरडले की आतली दोन दारं बंद. "डब!" म्हणाले की बाहेर जाणारी दोन बंद. मिलिंद डाव्या बाजूच्या आतल्या दारावर होता. तिथे सगळ्यात जास्त दाब येतो म्हणून दणकट माणूस हवा, असं सांगून त्याला उभा केला होता. तो त्याच खुशीत दिवसभर उपाशी राहिला.

खरं सांगते, तासभर फार सुरेख चाललं. मग डाव्या जवनिकेतून एक आजीबाई उलट्या फिरल्या.

"मागे जायचं नाही आजी!" कापडणीस वरून ओरडले. "झडप आहे ती! एकाच दिशेनं!"

"अहो, माझ्या चपला पुढच्या दारात आहेत!"

सगळ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं. चपला सगळ्यांच्याच पुढच्या दारात होत्या. बाहेर पडायचं होतं बाजूच्या फाटकानं.

"रक्ताला चपला नसतात," कापडणीस म्हणाले.

भरदुपारचं कतारमधलं ऊन, आणि भरल्या पोटाची, कुंकू लावलेली मराठी माणसं अनवाणी, तापलेल्या डांबरावरून उड्या मारत, "आई गं" करत, व्हिलाला वळसा घालून पुढच्या दाराकडे निघाली. साड्या सावरत बायका पळत होत्या. कुणी खाली रुमाल टाकत होतं, कुणी मुलाला खांद्यावर घेत होतं. ते बघून कापडणीसांना गहिवरून आलं. जिन्यावरून गच्चीवर धावत जाऊन ते सगळ्यांना दाखवत होते, "बघा, बघा! परत पहिल्या खोलीकडेच चाललेत! हेच तर रक्ताभिसरण!" माझ्या दोन्ही तळव्यांना फोड आले. मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एकदा आमची लिफ्ट बंद पडली. कापडणीस जिन्यात मध्येच बसलेले दिसले. एरवी दुसऱ्याची नाडी धरणारा माणूस स्वतःच्या छातीवर हात ठेवून गप्प बसला होता. मी विचारलं, तर म्हणाले, "काही नाही, प्रसरण." पण ओठ निळसर दिसत होते. सुमनवहिनींनी मागे लागून त्यांना हॉस्पिटलात पाठवलं. मी येते म्हणाल्या, तर ते "तू कशाला, मशीनखाली झोपायचं आणि यायचं" म्हणून एकटेच गेले. इकडे वहिनी देव पाण्यात घालून बसल्या. खरोखरच. स्टीलच्या वाटीत पाणी आणि पाण्यात छोटा गणपती.

संध्याकाळी कापडणीस परत आले. बूट काढता काढता म्हणाले, "व्हॉल्व्ह पास होतोय."

वहिनींनी गणपती वाटीतून काढला, पुसला आणि देव्हाऱ्यात ठेवला. लगेच दुधाच्या पावडरीचा मोठा डबा काढून पेढे करायला घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्डिंगमध्ये घरोघर पेढे पोचले. हमीदाभाभी म्हणजे रत्नागिरीकडच्या, आमच्याच मजल्यावरच्या. त्यांनी पेढे घेऊन बशीत खजूर घालून परत पाठवले. वरच्या मजल्यावरच्या इजिप्तच्या नादियाबाईंनी "मबरूक, मबरूक" असं अभिनंदन करत वहिनींचे दोन्ही गाल चुंबले आणि केकचा तुकडा दिला.

आमच्याकडे वहिनी शेवटी आल्या. मिलिंद सुट्टीमुळे घरी होता. पेढा उचलून म्हणाला, "कशाबद्दल, वहिनी?"

"यांचा व्हॉल्व्ह पास झाला!"

मिलिंदचा हात तोंडापाशीच थांबला. "वहिनी, नक्की काय म्हणाले ते? पास झाला, की पास होतोय?"

"होतोय म्हणाले बाई. मला वाटलं, निकाल अजून यायचाय थोडा. पण एकदा होतोय म्हटल्यावर होणारच की."

मिलिंदनं पेढा परत डब्यात ठेवला. हा माणूस गोड कधी परत ठेवत नाही.

"आमच्या प्लांटवर," तो जपून म्हणाला, "व्हॉल्व्ह पास होतोय म्हणजे... बंद केला तरी नीट बंद होत नाहीये. मिटल्यावरही आतून गळतोय."

वहिनींनी डब्याला झाकण लावलं, दोन्ही हातांनी घट्ट दाबलं आणि मला म्हणाल्या, "चल. पेढे परत आणायचे."

"अहो वहिनी, असे कसे परत आणायचे?"

"आनंदाचे म्हणून दिले होते. आनंद नाहीये. परत आणायचे."

मी पायात चपला सरकवल्या. हमीदाभाभींनी दार उघडलं आणि सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "अगो वैनी, पोरांनी तर कधीच खाल्लानी! आता कुठून देऊ?" मग आत जाऊन नवऱ्याच्या बशीतला अर्धा खाल्लेला पेढा घेऊन आल्या. वहिनींनी तोही घेतला. हमीदाभाभी ओढणी सावरत आमच्याबरोबरच निघाल्या.

नादियाबाईंकडे मात्र भाषेचा घोळ झाला. त्या पुन्हा "मबरूक!" म्हणत पुढे आल्या. वहिनींनी हातानं त्यांना थांबवलं. गळती हा शब्द इंग्रजीत काही केल्या आठवेना. मला आठवत होता, पण बोलायला फुरसत मिळाली तर ना!

"नो मबरूक," वहिनी म्हणाल्या. "मिस्टर कापडणीस... हार्ट... मबरूक खलास."

आणि इतका वेळ आवरलेलं रडू त्यांना तिथेच फुटलं.

नादियाबाईंनी त्यातलं हार्ट ऐकलं, खलास ऐकलं आणि रडणारी बायको पाहिली. त्यांनी किंकाळी फोडून वहिनींना मिठी मारली. मी "नो, नो, नॉट खलास" म्हणत होते, पण तोवर त्या आत जाऊन काळा अबाया चढवून, थर्मासमध्ये बिनसाखरेची कॉफी भरून बाहेरही आल्या होत्या. त्यांच्याकडे दुःखाच्या घरी तीच नेतात. "यल्ला," म्हणत त्यांनी वहिनींना दंडाला धरून खाली चालवलं. मागून हमीदाभाभी, मागून मी. जिन्यात आणखी दोन बायका मिळाल्या. त्यांना काय झालंय हे कुणी सांगितलं नाही, पण त्याही डोळे पुसत होत्या.

कापडणीसांच्या दाराची बेल कुणी वाजवली आठवत नाही. दार उघडलं ते कापडणीसांनीच, बनियन आणि लुंगीत, हातात चहाचा कप.

नादियाबाईंच्या हातून थर्मास सुटला. अल्लाचं नाव घेत त्या भिंतीला टेकल्या. कापडणीसांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि सवयीनं म्हणाले, "मॅडम, होल्ड युवर पल्स."

"त्यांचं राहू दे," सुमनवहिनी म्हणाल्या. "आधी मला सांगा, पास होतोय म्हणजे काय?"

कापडणीसांनी कप खाली ठेवला. दारात उभ्या असलेल्या सगळ्या बायकांकडे बघितलं. "म्हणजे... पास होतोय."

"माझ्या भाषेत."

"गळतोय. डावीकडची, मधली झडप. पुढे जायचं रक्त मागे फिरतंय. बदलायला हवी म्हणाले."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. खोटं कुठे बोललो?" ते कपाकडे बघत म्हणाले. "तू हसायला लागलीस. देव वाटीतून काढून पुसायला लागलीस. मग माझ्यानं पुढे बोलवेना."

कापडणीस खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच मी त्यांना पंपाबद्दल हळू आवाजात बोलताना ऐकलं.

"चालू लाइनवर व्हॉल्व्ह बदलत नाहीत, सुमन. आधी लाइन बंद करावी लागते. म्हणजे हे हृदयच बंद करणार. रक्त बाहेरच्या मशीनवर टाकणार आणि हे बंद. मी आयुष्यभर पंप बंद करून सुरू केलेत. सुरू करताना कुठला रुसून बसेल, कुणाला सांगता येत नाही. मला भीती वाटते. मी नाही करायचं ठरवलंय. गळतोय तर गळू दे, चालेल तेवढं चालेल."

सुमनवहिनींच्या हातात अजून पेढ्यांचा डबा होता.

"आज ही बाई माझ्या गळ्यात पडून रडली," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथे चहा पीत होतात आणि मी तिथे तुमच्या मरणाचं सांत्वन घेत होते. मला ते पुन्हा घ्यायचं नाही. ऑपरेशन करायचं. तुमचं बंद असेल तेवढा वेळ मी आहे ना चालू."

कापडणीसांनी मान खाली घातली. नादियाबाईंना यातला एक शब्दही कळला नव्हता, पण त्यांनी थर्मास उचलला, फुटला नाही ना ते पाहिलं आणि सगळ्यांना कॉफी दिली. इतकी कडू कॉफी मी आयुष्यात प्यायले नाही. कापडणीसांनी त्याबरोबर तो अर्धा पेढा खाऊन टाकला.

सर्जनला भेटायला आम्ही चौघंही गेलो. कापडणीसांनी प्रश्नांचा भडिमार केला. नवीन झडप कुठल्या कंपनीची, तिची टेस्ट कुणी घेतली, त्या दिवशी कामाच्या परमिटवर सही कुणाची, बाहेरच्या मशीनचा पंप बंद पडला तर दुसरा तयार आहे का. सर्जन शांत माणूस होता. एकेक उत्तर देत गेला. शेवटी कापडणीसांनी खरा प्रश्न विचारला, "आणि सगळं झाल्यावर स्टार्ट कोण करतं?"

सर्जन म्हणाला, बहुतेक वेळा कुणीच नाही. ऊब असलेलं रक्त परत आत सोडलं की ते आपलं आपण सुरू होतं. नाहीच झालं तर आम्ही आहोत.

परतताना मुशैरिबच्या सिग्नलला मिलिंदनं गाडी थांबवली, तेव्हा मागून कापडणीसांचा आवाज आला. "आपलं आपण. बटण नाही, मोटर नाही, वायर नाही." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "असा पंप मी कधी पाहिला नाही हो." मी मागे वळून पाहिलं, तर डोळ्यांतलं पाणी बोटानं निपटत होते. सुमनवहिनींनी त्यांचा दुसरा हात मांडीवर घेतला होता.

ऑपरेशन झालं. हृदय सुरूही झालं, आपलं आपण. कापडणीसांनी धातूची झडप बसवून घेतली होती, आणि ती मिटताना टिक असा बारीक आवाज करायची. शांत खोलीत शेजारी बसलं तर सहज ऐकू यायची. सुमनवहिनी आधी फार वैतागल्या. "घरातली टिकटिक नको म्हणून बेडरूममधलं घड्याळ काढलं होतं मी, आणि हे बघा काय घेऊन आलेत!" कापडणीसांना त्याचं वाईट वाटायचं. ते हॉलमध्ये झोपायला जायचे आणि वहिनी त्यांना उठवून परत आणायच्या.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि कायमचे नाशिकला निघाले. विमान संध्याकाळचं होतं. त्यांच्या फ्लॅटच्या किल्ल्या सकाळीच देऊन झाल्या होत्या, म्हणून दुपारी दोघं जेवायला आमच्याकडे होती. आठवडाभर सामान बांधून वहिनी इतक्या दमल्या होत्या की जेवल्यावर सोफ्यावर टेकल्या आणि तिथेच त्यांचा डोळा लागला. मी भांडी विसळून हॉलच्या दारात आले. एसी नेमका बंद होता आणि घरात अगदी सामसूम होती.

कापडणीस सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला अंग चोरून बसले होते. सोफ्यावरची उशी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली होती. मला पाहून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं, आधी वहिनींकडे आणि मग स्वतःच्या छातीकडे खूण केली. मी मान हलवली आणि पाय न वाजवता मागे वळले.

तेवढ्यात वहिनींचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

"ती उशी काढा हो. ऐकू येत नाहीये."